सूट, तहकुबी आणि पैसेवारी : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात शेतसाऱ्यातील सवलतीचा इतिहास

महत्त्वाच्या संज्ञा : शेतसारा, सूट, तहकुबी, कौल, खोती, आणेवारी, पैसेवारी, पंचनामा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात करआकारणी आणि करवसुली यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने कर सोडण्याचा इतिहास दुर्लक्षित राहिला. वास्तविक पीक बुडालेल्या वर्षी रयतेकडून किती वसूल करायचे, किती पुढे ढकलायचे आणि किती कायमचे सोडायचे, हा प्रश्न प्रत्येक राजवटीपुढे होता. या सवलतीचे दोन प्रकार रूढ होते. सूट म्हणजे देणे कायमचे माफ होणे. तहकुबी म्हणजे वसुली तूर्त थांबणे, परंतु देणे कायम राहणे. हे दोन शब्द कचेरीत नेहमी जोडीने उच्चारले जात असले, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

प्रस्तुत लेखात या सवलतीचा विचार महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. तिच्या काठी भातशेती आहे आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाणारे महाडजवळचे सव हे गाव याच सावित्रीच्या काठचे. पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडत असल्याने येथील पीक पाण्याअभावी बुडण्यापेक्षा पुराने, गाळाने किंवा कापणीच्या वेळच्या पावसाने बुडण्याचा संभव अधिक. सवलतीचे बहुतेक नियम मात्र देशावरील अवर्षण डोळ्यांसमोर ठेवून घडले. त्यामुळे या नियमांचे गुणदोष पारखण्यास हा प्रदेश उपयुक्त ठरतो.

येथे मुख्य प्रश्न असा आहे : सवलतीचे नियम वेळोवेळी सुधारले गेले, पण ज्याच्यासाठी ते होते त्याला ते कोणी, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात समजावून सांगितले?

कौल आणि गावोगावची फेरी

या प्रदेशाचा राजकीय वारसा रायगडाशी जोडलेला असल्याने शिवकालीन महसूलव्यवस्थेपासून सुरुवात करणे उचित ठरेल. प्रभावळी मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना शिवाजी महाराजांनी सप्टेंबर १६७६ मध्ये पाठविलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुभेदाराने स्वतः गावोगाव फिरावे, कुणब्यांना एकत्र करावे, ज्याच्याकडे बैल वा बियाणे नाही त्याला ते द्यावे, आणि दिलेल्या रकमेवर वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल त्याला शक्ती येईल तसतसे उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. जी मागील बाकी कुणब्याकडून वसूल होण्यासारखी नाही, ती माफ करून हुजुरास कळवावे, असेही त्यात सांगितले आहे.

या आज्ञेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे अर्जाची वाट न पाहता अधिकाऱ्याने गावात जायचे आहे. दुसरी म्हणजे माफीचा निर्णय जागेवर व्हायचा असून वरिष्ठांना त्याची खबर नंतर जायची आहे. सवलत रयतेच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी येथे देणाऱ्यावर टाकलेली दिसते.

पुढे पेशवाईत पाहणी, सूट, तहकुबी व इस्तावा यांचे संकेत अधिक विस्ताराने रूढ झाले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी अल्प सारा घ्यायचा आणि ठरावीक वर्षांत तो क्रमाक्रमाने पूर्ण दरावर न्यायचा, हा इस्ताव्याचा अर्थ. अशा अटी कौलात लिहून दिल्या जात. कौल हा सत्तेने दिलेला शब्द कागदावर उतरविणारा दस्तऐवज होता आणि तो घेणाऱ्याच्या हाती राहत असे. मजकूर वाचता न येणाऱ्या कुणब्यालाही त्या कागदाचे मोल कळत होते. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. कमाविसदार, देशमुख, पाटील आणि कुलकर्णी यांच्या मर्जीवर बरेच काही अवलंबून असे आणि उत्तर पेशवाईतील मक्त्याच्या पद्धतीने तर रयतेची स्थिती बिकट केली. तथापि सवलतीची अट लेखी स्वरूपात लाभधारकाकडे असावी, हे तत्त्व या काळात परिचित होते एवढे निश्चित.

धारापद्धती आणि सवलतीचा संकोच

१८१८ मध्ये पेशवाई संपून हा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला आणि त्याचे रायगड असे नामांतर १९८१ मध्ये करण्यात आले. दरम्यानच्या काळात मुंबई इलाख्यात जमीनमोजणी व प्रतबंदीवर आधारलेली नवी धारापद्धती आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर येथे तिचा आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित रूप दिले.

या पद्धतीचा मूळ विचार सवलतीच्या संदर्भात समजून घ्यावा लागतो. दरसालच्या पाहणीतून आणि सुटीतून गावकामगारांना लाचलुचपतीची संधी मिळते, म्हणून सारा मुळातच माफक ठेवावा, तो तीस वर्षांसाठी कायम करावा आणि चांगल्या वर्षाच्या उत्पन्नातून वाईट वर्षाचा सारा भागवावा, अशी अपेक्षा होती. तात्त्विकदृष्ट्या हा विचार सुसंगत होता. परंतु चांगल्या वर्षातील शिल्लक वाईट वर्षापर्यंत राखणे ज्याला शक्य आहे, अशा शेतकऱ्याचे चित्र त्यात गृहीत धरलेले होते. अल्पभूधारक शेतकऱ्याकडे ती शिल्लक नसे. वाईट वर्षी तो सावकाराकडे जाई आणि सरकारचा सारा वेळेवर भरला गेल्याची नोंद होई. वसुलीच्या आकड्यांत दिसणारी ही सुस्थिती प्रत्यक्षात कर्जावर उभी होती.

१८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी या व्यवस्थेची मर्यादा उघड केली. सर अँटनी मॅकडॉनेल यांच्या अध्यक्षतेखालील १९०१ च्या दुष्काळ आयोगाने मुंबई सरकारच्या दुष्काळातील वसुलीधोरणावर टीका केली. प्रत्येक खातेदाराच्या ऐपतीची स्वतंत्र चौकशी करण्यात वेळ जातो, आणि तोपर्यंत सवलतीचा उपयोग संपलेला असतो, हा त्या टीकेतील मर्माचा मुद्दा होता. त्यानंतर १९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारने सूट-तहकुबीची तत्त्वे ठरावाने निश्चित केली आणि प्रदेशवार पीकस्थितीवरून सवलत देण्याच्या पद्धतीला बळ मिळाले.

खोत आणि कूळ : मध्येच थांबलेली सवलत

महाड परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. दक्षिण कुलाब्यातील अनेक गावांत सरकार आणि प्रत्यक्ष कसणारा यांच्यामध्ये खोत होता. गावाची ठरलेली जमा तो सरकारात भरी आणि कुळांकडून आपला भाग घेई. काही कुळे अर्धेल किंवा तिर्धेल पद्धतीने पिकाचा हिस्सा देत, तर काहींवर ठरावीक धान्याचा मक्ता असे. उभ्या पिकाचा अंदाज करण्याच्या खोताच्या प्रक्रियेला अभावणी म्हणत.

म्हणजे एकाच शेतातील पिकाचे दोन वेगवेगळे अंदाज होत. खोताची अभावणी कुळाचे देणे ठरवी आणि सरकारी अंदाज खोताचे देणे ठरवी. दोन्ही अंदाज करणारे कुळाहून वेगळे होते. सरकारने जमेत सूट दिली, तर तिचा पहिला लाभ जमा भरणाऱ्या खोताला होई. हिस्सा देणाऱ्या कुळाचे देणे पीक कमी आल्याने काही अंशी आपोआप घटे, मात्र अभावणी रास्त असेल तरच. ठरावीक मक्ता देणाऱ्या कुळाला तर सरकारी सूट मिळाल्याचे कळण्याचा हमखास मार्गच नव्हता. सूट खोताच्या नावे असल्याने तिचा कागदही खोताकडेच राही.

हा दोष कायदेकर्त्यांच्या ध्यानात आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात पुढे ८४-अ हे कलम घालून, महसूल माफ वा तहकूब झाल्यास वरिष्ठ धारकाने घ्यावयाच्या खंडातही तशी सवलत देण्याची तरतूद करण्यात आली. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम १३ मध्ये हेच तत्त्व अधिक स्पष्टपणे आले. मात्र तरतूद कायद्यात येणे आणि कुळाने ती खोतापुढे उच्चारणे यांत मोठे अंतर होते. ज्याच्या मर्जीवर पुढील वर्षीची लागवड अवलंबून, त्याच्याकडे कायद्याचा दाखला देऊन खंड कमी मागणे एकट्या कुळाला परवडणारे नव्हते.

म्हणूनच कुलाबा जिल्ह्यात हा प्रश्न अखेर संघटनेच्या मार्गाने पुढे आला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला कुळांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ज्या महाडमध्ये १९२७ साली पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह झाला, त्याच्या आसपासच्या खेड्यांतील कुळांना हा जमिनीच्या हक्काचा लढाही तितकाच जवळचा होता. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने खोतीचा कायदेशीर अंत केला. सवलतीच्या वाटेतील एक मोठा अडसर त्यामुळे दूर झाला.

नियम सांगणाऱ्यांवरील रोष

सवलतीचा नियम रयतेला सांगणे ही कृती वसाहतकाळात निरुपद्रवी मानली जात नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळातील पुणे सार्वजनिक सभेचे कार्य याचा पुरावा आहे. १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा तोवर लोकमान्य टिळकांच्या गटाच्या प्रभावाखाली आली होती. दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत आणणे, पत्रके वाटणे, गावोगाव प्रतिनिधी पाठवून सभा घेणे आणि पीक बुडालेल्या शेतकऱ्याने घरातील भांडीकुंडी विकून सारा भरू नये असे सांगणे, हे या मोहिमेचे स्वरूप होते. ‘केसरी’ने तिचा पाठपुरावा केला. कोकणपट्टीतही सभेचे प्रतिनिधी फिरले. त्यावेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात त्यांच्या सभांवरून सरकारशी संघर्ष झाला आणि काही प्रतिनिधींवर खटलेही भरले गेले. अखेर १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

सभेच्या कार्यात राजकीय हेतू होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सभेच्या प्रचाराचा मोठा भाग सरकारच्याच छापील नियमांचे निरूपण होता. नियम इंग्रजी पुस्तकात असेपर्यंत तो प्रशासनाचा विषय राही. तोच चावडीवर मराठीत वाचला गेला की त्याचे रूपांतर मागणीत होई. सभेवरील रोषाचे मूळ येथे शोधावे लागते.

आणेवारी आणि खेड्याचा धडा

विसाव्या शतकाच्या आरंभी सवलतीचा निकष आणेवारीत व्यक्त होऊ लागला. रुपयास किती आणे पीक आले, यावरून निर्णय घेण्याची ही पद्धत होती. मुंबई इलाख्यातील नियमानुसार पीक चार आणे वा त्याहून कमी असल्यास संपूर्ण साऱ्याची आणि सहा आण्यांपेक्षा कमी असल्यास निम्म्या साऱ्याची तहकुबी अपेक्षित होती. निकष सोपा होता, परंतु आणे मोजायचे कोणी, हा प्रश्न त्याने सोडविला नाही.

याच इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१८ मध्ये झालेला सत्याग्रह या प्रश्नावरच उभा राहिला. पीक चार आण्यांपेक्षा कमी असल्याचे शेतकऱ्यांचे म्हणणे होते, तर सरकारी अंदाज त्याहून अधिक होता. २२ मार्च रोजी नडियाद येथे गांधीजींनी सत्याग्रहाची घोषणा केली. जूनच्या आरंभी, ऐपतदारांनी सारा भरल्यास गरीब खातेदारांची वसुली तहकूब राहील, या भूमिकेवर लढा थांबला. या आशयाचे आदेश एप्रिलच्या अखेरीसच कनिष्ठ अधिकाऱ्यांना गेले होते, हे त्यानंतर उघड झाले. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांनी यावर नापसंती व्यक्त केली. आदेश निघाल्यानंतरही ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो माहीत नव्हता, आणि मधल्या आठवड्यांत जप्त्या चालूच राहिल्या. न कळविलेली सवलत आणि न दिलेली सवलत यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काय भेद उरतो, हे खेड्याच्या या प्रसंगातून स्पष्ट होते.

तहकुबीचे स्वरूप न समजल्यास होणारे नुकसान याहून सूक्ष्म असते. वसुली थांबली म्हणजे देणे संपले असे मानणाऱ्या शेतकऱ्यावर पुढील हंगामात चालू सारा आणि मागील बाकी एकदम येते. हा धोका केवळ जुन्या किंवा निरक्षर समाजापुरता नाही. ब्रिटनमध्ये २००३ साली मुले असलेल्या व अल्प वेतनावरील कुटुंबांसाठी करश्रेयाची नवी योजना सुरू झाली. पहिल्याच वर्षी लाखो कुटुंबांना अंदाजापेक्षा जास्त रक्कम दिली गेली आणि ती परत मागण्यात आली. मिळालेली रक्कम तात्पुरत्या हिशेबाची आहे, हे अनेकांना पुरते समजले नव्हते. ती योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. देश, काळ आणि साक्षरता भिन्न असूनही अडचण एकच दिसते : तात्पुरते काय आणि कायमचे काय, हे सवलत देतानाच सांगितले गेले नाही.

पैसेवारी आणि गावाची सरासरी

स्वातंत्र्यानंतर दशमान नाणेपद्धती आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नेही नैसर्गिक आपत्तीत महसूल कमी करण्याचा, तहकूब करण्याचा वा माफ करण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी हा टंचाईचा निकष झाला. त्या निकषाशी जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती जोडल्या गेल्या. शेतसाऱ्याची रक्कम आता नगण्य झाली आहे, परंतु तिच्या मापाला या इतर सवलती जोडल्याने पैसेवारीचे महत्त्व उलट वाढले.

पैसेवारी गावाच्या सरासरीवर ठरते. अवर्षणात ही पद्धत बऱ्याच अंशी न्याय्य असते, कारण पाऊस न पडल्याचा परिणाम सर्व शिवारावर होतो. सावित्रीच्या खोऱ्यात मात्र आपत्ती एका शिवारातही सारखी येत नाही. नदीकाठचे भातखाचर गाळाने भरते आणि त्याच गावातील वरच्या अंगाचे शेत पिकते. डोंगरावरची नाचणी आडवी होते, तर खालचे भात उभे राहते. गावाची सरासरी पन्नास पैशांवर राहिली, की सर्वस्व गमावलेल्या शेतकऱ्याचे नुकसान त्या आकड्यात लुप्त होते. १९०१ च्या आयोगाला खातेदारनिहाय चौकशीतील दिरंगाई दिसली होती. कोकणातील अनुभवाने सरासरीतील अन्याय दाखवून दिला.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोकांचा बळी गेला. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली आणि महाड शहर पुराखाली गेले. अशा आपत्तीत पैसेवारी निरुपयोगी ठरते आणि तिची जागा पंचनामा घेतो. २०१५ पासून आपत्ती मदतीच्या निकषांत पीकनुकसानीची किमान मर्यादा पन्नास टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर आणली गेली. निकष उदार झाला. परंतु आपल्या शेताच्या पंचनाम्यात किती टक्के नुकसान लिहिले गेले, हे शेतकऱ्याला त्याच वेळी कळले नाही, तर त्या उदारतेचा लाभ मागण्याचे साधनच त्याच्या हाती राहत नाही.

अलीकडच्या दोन सुधारणा या संदर्भात उल्लेखनीय आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस कळविण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने पिकाची पहिली नोंद करण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती दिले. अभावणी आणि आणेवारी या दोन्हींत जो केवळ मोजला जात होता, तो येथे प्रथमच मोजणीत सहभागी झाला. डोंगराळ वाड्यांतील मोबाइलच्या संपर्काची अडचण आणि वृद्ध शेतकऱ्यांना लागणारे साहाय्य या बाबी मात्र दृष्टिआड करता येणार नाहीत.

समारोप

या विवेचनातून सवलतीच्या इतिहासाचे दोन प्रवाह वेगळे करता येतात. एक निकषाचा : पाहणीपासून आणेवारीपर्यंत आणि पैसेवारीपासून पंचनाम्यापर्यंत तो सातत्याने बदलत व काही प्रमाणात सुधारत गेला. दुसरा निकष समजावून देण्याचा : तो मात्र खंडित राहिला. १६७६ च्या पत्रातील अधिकारी गावात जातो आणि कौल रयतेच्या हाती राहतो. खोतीत कागद मध्यस्थाकडे थांबतो. १८९७ मध्ये नियम सांगणारी संस्था मान्यता गमावते. १९१८ मध्ये आदेश निघूनही तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

या इतिहासावरून प्रशासनासाठी काही सूचना काढता येतात. पंचनाम्याची प्रत जागेवरच शेतकऱ्याला द्यावी. तीत नुकसानीची टक्केवारी, लागू निकष आणि हरकतीची मुदत साध्या मराठीत लिहावी. सवलत माफीची आहे की तहकुबीची, आणि तहकुबीची असल्यास रक्कम केव्हा वसूल होणार, हे त्याच कागदावर असावे. गावाची पैसेवारी जाहीर करताना ती कोणत्या शेतांतील पीककापणीवरून काढली, हेही ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्या गावांत पुराने वा दरडीने नुकसान झाले आहे, तेथे सरासरीपेक्षा शेतनिहाय नोंदीला प्राधान्य द्यावे.

यांपैकी कोणतीही सूचना मोठ्या खर्चाची नाही आणि तत्त्वतः नवीही नाही. दिलेला शब्द लिहून घेणाऱ्याच्या हाती ठेवण्याची रीत कौलाच्या रूपाने या भूमीत पूर्वीच रुजलेली होती. सावित्रीकाठच्या शेतकऱ्याला सवलत मिळाली की नाही, याचा निर्णय शासन निर्णयाच्या तारखेवरून न करता त्याच्या हाती पडलेल्या कागदावरून केला, तर सवलतीच्या या दीर्घ इतिहासातील मुख्य उणीव भरून निघू शकेल.